पाचव्याच भागात हिरोच्या हातून खून: 'द सोप्रानोज'च्या 'कॉलेज' भागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मालिकेच्या एका भागाचं आहे, पण खरं म्हणजे एका वादाचं आहे, आणि तो वाद भाग टीव्हीवर यायच्या आधीच होऊन गेला होता. मालिका 'द सोप्रानोज', चॅनेल अमेरिकेतलं एचबीओ, पहिल्या सीझनचा पाचवा भाग, नाव 'कॉलेज', दाखवला गेला ७ फेब्रुवारी १९९९ ला. लिहिला जेम्स मॅनोस ज्युनिअर आणि मालिकेचा कर्ताधर्ता डेव्हिड चेस यांनी, दिग्दर्शन ॲलन कूल्टरचं. प्रकरण लिहिताना नावं झाकायची पद्धत असते, पण इथे मालिकेचं नाव घेतलं की सगळं उघडंच पडतं, त्यामुळे चॅनेलच्या बाजूने जो माणूस बोलला त्याला फक्त 'चॅनेलप्रमुख' म्हणतो. त्या खुर्चीत दुसरा कुणी असता तरी बहुतेक तेच बोलला असता.

ज्यांनी मालिका बघितली नाहीये आणि बघायची आहे त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.

टोनी सोप्रानो हा न्यू जर्सीतला माफियाचा माणूस, हाताखाली पोरं, धंदे सगळे दोन नंबरचे, वरवर दाखवायला कचरा उचलण्याचा व्यवसाय. त्याला पॅनिक अटॅक येतात, गुपचूप डॉ. मेल्फी नावाच्या सायकियाट्रिस्टकडे जातो, घरच्या स्विमिंग पूलमध्ये आलेली बदकं उडून गेली म्हणून तिच्यासमोर रडतो. आई त्याला सुखाने जगू देत नाही, काका डोक्यावर बसलेला, बायको कार्मेला सगळं जाणून गप्प, मुलगी मेडो कॉलेजच्या ॲडमिशनच्या वयाची, धाकटा एजे. जेम्स गँडोल्फिनीने हा माणूस असा उभा केला की पहिल्या चार भागांत तुम्ही नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसता. मारामारी नव्हती असं नाही, पहिल्याच भागात तो पैसे थकवणाऱ्या एकाला गाडीने उडवतो, पण तो सीन घेतलाय गमतीच्या अंगाने, मागे जुनं गाणं वाजतंय आणि आपण चक्क हसतो. मुडदे पडले तेही दुसऱ्यांच्या हातून. टोनीने स्वतःच्या हाताने कुणाला मारलंय हे तोपर्यंत आपल्याला दाखवलेलंच नव्हतं.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, एचबीओ हे पैसे भरून बघायचं चॅनेल, जाहिराती नाहीत, म्हणजे साबणवाला किंवा गाडीवाला फोन करून 'हे काय दाखवताय' असं म्हणणार नाही, पण प्रेक्षक नाराज झाला तर तो थेट वर्गणीच बंद करणार. दुसरं म्हणजे पहिल्या सीझनचं शूटिंग प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी उरकलेलं होतं. लोकांना टोनी आवडतोय की नाही हे हा वाद चालू असताना कुणालाच माहीत नव्हतं. आकडे नाहीत, पत्रं नाहीत, काही नाही, फक्त आपापली पोटातली भीती घेऊन दोन्ही बाजू भांडत होत्या.

अडचण

कथा अशी. टोनी मेडोला घेऊन मेन राज्यात कॉलेजं बघायला जातो, बेट्स, कोल्बी, बोडन, बापलेकीची छान ट्रिप. वाटेत पेट्रोल पंपावर त्याला एक चेहरा दिसतो आणि तो जागच्या जागी थिजतो. फेबी पेत्रूलियो. पूर्वी यांच्यातलाच, पकडला गेला, सरकारी साक्षीदार झाला, त्याच्या साक्षीवर माणसं तुरुंगात गेली, आणि तो नवीन नाव घेऊन साक्षीदार संरक्षण योजनेत गायब झाला. आता फ्रेड पीटर्स नावाने छोटी ट्रॅव्हल एजन्सी चालवतो, बायको आहे, लहान मुलगी आहे. टोनी त्याला शोधून काढतो आणि स्वतःच्या हाताने वायरने गळा आवळून मारतो. दिवसाढवळ्या, मुलीला कॉलेजच्या इंटरव्ह्यूला सोडून येऊन, मधल्या वेळात.

स्क्रिप्ट चॅनेलकडे गेलं आणि चॅनेलप्रमुखाचं डोकं फिरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एवढं जबरदस्त पात्र तुम्ही उभं केलंय आणि पाचव्याच भागात त्याची माती करताय, लोक याला माफ करणार नाहीत. चेसचं उत्तरही तितकंच सरळ. असा फितूर समोर दिसल्यावर टोनी त्याला सोडून घरी आला तर तो कसला माफियावाला, मग लोकांचा त्याच्यावरचा विश्वासच उडेल आणि मालिका खोटी पडेल.

आता पंचवीस वर्षांनी चेसची बाजू घेणं फार सोपं आहे. पण चॅनेलप्रमुख मूर्ख नव्हता हो. अमेरिकन टीव्हीवर तोपर्यंत दशकानुदशकं एकच शिस्त होती, मुख्य माणूस दारू पिईल, चिडेल, नियम मोडेल, पण मनाने सरळ राहील. चेस स्वतः त्याच शिस्तीत पंचवीसेक वर्षं काढून आलेला. ही मालिका आधी फॉक्स या दुसऱ्या चॅनेलकडे गेली होती आणि त्यांनी नाकारली होती. एचबीओने पैसे लावले, तेरा भाग काढले, आणि आता लेखक म्हणतोय की ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे त्याला आम्ही प्रेक्षकासमोर खुनी करून टाकतो, तेही स्वसंरक्षणात नाही, रागाच्या भरात नाही, ठरवून, शोधून, पाठलाग करून. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं अशी गत होती.

समोर असलेले पर्याय

असा पेच पडला की रस्ते साधारण ठरलेले असतात. सगळ्यात बाळबोध म्हणजे खून काढूनच टाकायचा, टोनी फेबीला बघतो, तडफडतो, पण मुलगी सोबत आहे म्हणून सोडून देतो, शेवटी डोळ्यात पाणी वगैरे. असा भाग कुठल्याही चॅनेलवर चालला असता आणि पुढच्या आठवड्यात कुणाला आठवला नसता.

दुसरा रस्ता जरा हुशारीचा, मारायचं पण टोनीने नाही. याची सोय तर कथेतच आहे. टोनी बूथवरून हाताखालच्या क्रिस्टोफर नावाच्या पोराला फोन करून गाडीचा नंबर तपासायला सांगतो, क्रिस्टोफर तिकडे न्यू जर्सीत पावसात भिजत बूथमध्ये उभा, आणि फेबीचं नाव ऐकल्याबरोबर तो म्हणतो मी येतो, मी करतो हे काम. त्याला नाव कमवायचंय. टोनीने 'ये' म्हटलं असतं की संपलं, फेबी मेला, टोनीचे हात स्वच्छ, चॅनेल खूश. मला हा सीन सगळ्या भागातला सगळ्यात धूर्त सीन वाटतो, कारण चॅनेलला जी पळवाट हवी होती तीच चेसने पात्राच्या समोर ठेवली आणि पात्राला ती नाकारायला लावली. टोनी नाही म्हणतो. त्याला हे स्वतःच करायचंय. यानंतर 'बिचाऱ्याचा नाइलाज होता' असं म्हणायची सोय उरत नाही.

तिसरा रस्ता, फेबीने आधी हल्ला करायचा आणि टोनीने जीव वाचवताना मारायचं. चौथा, खून होतो पण आपल्याला दिसत नाही, दरवाजा बंद, आवाज, पुढच्या सीनमध्ये टोनी हात धुतोय. आणि पाचवा, जो शेवटी निवडला गेला, खुनाला हात लावायचा नाही पण मरणाऱ्याला जरा आणखी वाईट दाखवायचं. चेसने एवढं मान्य केलं. फेबी नव्या आयुष्यातही सुधारलेला नाही, ड्रग्जचा धंदा करतोच आहे, सुंभ जळाला तरी पीळ गेलेला नाही, आणि टोनी गावात आलाय कळल्यावर तो दोन नशेबाज पोरांना टोनीला उडवायची सुपारी द्यायला बघतो. हा सीन चॅनेलच्या समाधानासाठी आला.

तडजोडीचा हा प्रकार नीट बघण्यासारखा आहे. चेसने काही कापलं नाही, जोडलं. जो सीन त्याला जिवापाड हवा होता त्याची लांबी, त्याचा उजेड, त्यातला निर्दयपणा, कशालाच धक्का नाही. समोरच्याला 'तुमचं ऐकलं' असं वाटावं इतकं दिलं आणि मुद्द्याचं सगळं राखलं.

प्रत्यक्षात काय केलं

भागाच्या सुरुवातीलाच गाडीतलं बोलणं येतं आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मेडो बापाला सरळ विचारते, तुम्ही माफियात आहात का. टोनी आधी उडवून लावतो, माफिया वगैरे काही नसतं, कचऱ्याच्या धंद्यात आहे म्हटलं की लोक लगेच तसंच समजतात, हा सगळा पूर्वग्रह आहे. तिच्या चेहऱ्यावरून कळतं की तिला हे पटलेलं नाही, आणि मग तो थोडं कबूल करतो, काही पैसा बेकायदा जुगारातून वगैरे येतो म्हणून. थोडंच. पण बापाने मुलीला दिलेलं ते थोडं खरं एवढं मोठं वाटतं की आपण लगेच विरघळतो. तीही मग सांगते की परीक्षेच्या अभ्यासासाठी जागायला तिने गोळ्या घेतल्या होत्या. तो चिडतो, मग निवळतो. नंतर जेवताना तो तिला सांगतो की त्याचा बाप यात होता, काका यात होता, आणि त्याच्या घरात बंडखोरी करायची म्हणजे हायवेवर बागेतलं फर्निचर विकायला बसायला हवं होतं. हसू येतं आणि वाईटही वाटतं.

म्हणजे खून व्हायच्या आधी भागाने आपल्याला या बापावर अजून जास्त प्रेम करायला लावलंय. चॅनेलप्रमुखाची भीती होती की लोकांचं प्रेम आटेल, आणि चेसने काय केलं तर मारायच्या आधी ते काठोकाठ भरलं.

पण त्याच वेळी बारीक बारीक चिरा पण पाडत जातो. पंपावर फेबी दिसल्यावर टोनी त्याच्या गाडीमागे सुसाट निघतो, समोरून येणाऱ्या लेनमध्ये घुसून ओव्हरटेक, शेजारच्या सीटवर मुलगी घाबरून ओरडतेय आणि याला तिची शुद्ध नाही. संध्याकाळी तो तिला कॉलेजच्या मुलींबरोबर बारमध्ये सोडतो, जा मजा कर, केवढा मोकळ्या मनाचा बाप, पण खरं कारण आपल्याला माहीत असतं, त्याला मोकळा वेळ हवाय. ती दारू पिऊन टल्ली होऊन परत येते.

मग मोटेलचा सीन. रात्र, टोनी नशेत असलेल्या मेडोला सांभाळत खोलीकडे नेतोय, आणि अंधारात फेबी पिस्तूल रोखून उभा. आता शिकारी कोण आणि सावज कोण हेच उलटं झालंय. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं तिथे येतं आणि फेबी गोळी झाडत नाही. तिथे टोनीचा जीव वाचला, आणि तो का वाचला हे त्याला कधीच कळत नाही. मला विचाराल तर फेबीच्या पात्राबद्दल जे सांगायचं होतं ते या अर्ध्या मिनिटात सांगून झालंय, त्याच्यात मारायची तयारी आहे पण साक्षीदारासमोर, पोरीसमोर ट्रिगर दाबण्याइतका तो आता उरलेला नाही. दोन नशेबाज पोरांचा सीन यात काय भर घालतो? फक्त चॅनेलची शांत झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोनी मेडोला कोल्बीला सोडतो आणि फेबीच्या ऑफिसकडे जातो. मागून येऊन वायर गळ्यात. आता इथे कॅमेरा कुठेही जात नाही. फिल्मी खून असतो तसा तीन सेकंदांत मान टाकणं नाही, बराच वेळ लागतो, फेबी गयावया करतो, टोनी त्याला तू शपथ मोडलीस म्हणून सुनावतो, आणि त्या आवाजात कर्तव्याचं ओझं वगैरे काही नाही, त्याला हे आवडतंय. दात विचकलेले, तोंडातून थुंकी उडतेय, आणि वायर इतकी करकचून ओढली आहे की ती त्याच्याच हाताला कापते. गँडोल्फिनीने हा सीन करताना चेहऱ्यावर एक कणभरही माफी मागितलेली नाही. चार भाग जो माणूस बदकांसाठी रडला त्याच्याच चेहऱ्यावर हे बघायचं. आणि काम झाल्यावर तो वर बघतो तर आकाशातून पक्ष्यांचा थवा चाललाय.

खुनानंतर परत मुलगी. ती त्याच्या बुटांवरचा चिखल बघते, हाताची जखम बघते, विचारते. तो काहीतरी थाप मारतो. पहिल्या गाडीतल्या सीनमध्ये तिने विचारल्यावर त्याने थोडं खरं दिलं होतं, इथे काहीच देत नाही, आणि तिला कळतं की हे खोटं आहे, आणि ती पुढे ताणत नाही. वय वर्षं सतरा-अठरा आणि आत्ताच ती आपल्या आईसारखी गप्प राहायला शिकली. खुनापेक्षा मला हे जास्त लागतं. बोडनला तो मुलीची वाट बघत बसलेला असताना भिंतीवर अमेरिकन लेखक नॅथनिएल हॉथॉर्नचं एक वाक्य कोरलेलं दिसतं, माणूस जगाला एक चेहरा आणि स्वतःला दुसरा चेहरा फार काळ दाखवू शकत नाही, शेवटी खरा कुठला हे त्यालाच कळेनासं होतं, अशा अर्थाचं. हॉथॉर्न खरोखरच त्या कॉलेजचा विद्यार्थी, त्यामुळे वाक्य तिथे असणं पटतं, पण जरा जास्तच बोट ठेवून दाखवल्यासारखं झालंय. एवढा सूक्ष्म भाग आणि मध्येच भिंतीवर उत्तर लिहून ठेवलंय. असो.

घराकडची बाजू पण सांगायला हवी नाहीतर भाग अर्धाच कळेल. कार्मेला आजारी, बाहेर मुसळधार पाऊस, एजे मित्राकडे, आणि त्यांच्या चर्चचे पाद्री फादर फिल येतात. जेवण, वाइन, सिनेमा. त्यात डॉ. मेल्फीचा फोन येतो आणि कार्मेलाला पहिल्यांदा कळतं की नवऱ्याची डॉक्टर बाई आहे, हे त्याने लपवलं होतं. ती खचते, फादरसमोर कबुलीजबाब देते, की नवऱ्याचा पैसा कुठून येतो हे मला कायम माहीत होतं, मुलांसाठी, घरासाठी, सुखासाठी मी डोळे मिटले. तिथेच दिवाणखान्यात ती कम्युनियन, म्हणजे चर्चमधला ब्रेड-वाइनचा प्रसाद, घेते. नंतर दोघं पेंगतात आणि एका क्षणी फादर तिच्या इतके जवळ येतात की आता काहीतरी घडणार, आणि मग त्यांना मळमळायला लागून ते बाथरूमकडे पळतात. हास्यास्पद आणि भयंकर एकदमच. कार्मेलाचं काम करणाऱ्या एडी फाल्कोने हे सगळं ज्या थकलेल्या आवाजात केलंय ते बघूनच कळतं की ही मालिका एका गुंडाची नाही, एका घराची आहे.

टोनी परत येतो तेव्हा दोघांकडे लपवायला काहीतरी आहे. फादर रात्रभर इथे होते म्हटल्यावर टोनी टोमणे मारायला लागतो, आणि कार्मेला शांतपणे तुझी थेरपिस्ट बाई आहे हे तोंडावर मारते. एक खून करून आलेला माणूस घरी येऊन बायकोसमोर बचावात जातो तो डॉक्टरच्या बाई असण्यावरून! इथेच भाग संपतो.

काय झालं

प्रेक्षक पळाले नाहीत. उलट पुढच्या सीझनपर्यंत बघणारे कितीतरी वाढले आणि मालिका २००७ पर्यंत, एकूण ८६ भाग, चालली. १९९९ च्या एमी या टीव्हीच्या पुरस्कारांत लेखनाचा पुरस्कार याच भागाला मिळाला, एडी फाल्कोला मुख्य अभिनेत्रीचा मिळाला, आणि सर्वोत्तम ड्रामा मालिकेच्या नामांकनात पहिल्यांदाच एक केबलवरची मालिका आली. टीव्ही गाइड या अमेरिकन नियतकालिकाने २००९ साली सर्वकाळच्या सर्वोत्तम शंभर भागांची यादी काढली त्यात 'कॉलेज' दुसऱ्या नंबरावर होता.

थोडक्यात चॅनेलप्रमुखाचा अंदाज चुकला. पण इतकं म्हणून पुढे गेलं तर प्रकरणातला खरा रस राहून जातो. कारण या भागातून इतरांनी काय उचललं ते बघा. लोक म्हणतात की इथून पुढे टीव्हीवर खुनी हिरो आले. बरोबर आहे, पण आले ते बहुतेक चेसच्या सीनवर स्वार होऊन नाही, चॅनेलच्या अटीवर स्वार होऊन आले. मरणारा वाईट हवा ही ती अट. याच भागाचा सहलेखक जेम्स मॅनोस ज्युनिअर याने पुढे २००६ मध्ये 'डेक्स्टर' टीव्हीवर आणली, त्यातला नायक सीरियल किलर, पण मारतो कुणाला तर इतर खुन्यांना. म्हणजे जी गोष्ट 'कॉलेज'मध्ये दीड सीनची तडजोड होती ती तिथे अख्ख्या मालिकेचा पाया झाली. 'ब्रेकिंग बॅड'च्या तिसऱ्याच भागात, २००८ साली, नायक वॉल्टर व्हाइट तळघरात बांधलेल्या माणसाला मारायचं की नाही याची चक्क कागदावर यादी करतो, सोडलं तर हा माझ्या कुटुंबाला मारेल असं लिहितो, आणि शेवटी सायकलच्या कुलपाने गळा आवळतो. सीन अप्रतिमच आहे, पण प्रेक्षकाला धरायला कठडा दिलाय. टोनीकडे यादी नव्हती. त्याला दिसला, त्याला हवा होता, त्याने मारला.

वेगळं काय करता आलं असतं

चॅनेलच्या बाजूने आधी. त्यांनी विचारलेला प्रश्नच अर्धवट होता. लोकांना हा आवडेल का, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि त्याचं उत्तर 'नाही' येऊ शकतं हे खरंच आहे, पण पैसे भरून बघणाऱ्या चॅनेलला पडायला हवा होता तो प्रश्न वेगळा, पुढच्या रविवारी लोक परत बसतील का. एखाद्याची किळस येणं आणि त्याच्यापासून नजर न हटणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. जाहिरातवाल्या चॅनेलांना ही चैन परवडत नव्हती, एचबीओला परवडत होती, आणि तरी पहिल्या झटक्याला विचार आला तो जुन्या चॅनेलांच्या सवयीचाच.

पाचव्या भागाऐवजी दहाव्या-अकराव्या भागात खून ठेवला असता तर? वरवर शहाणपणाचं वाटतं, लोकांना आधी रुळू द्या. मला उलट वाटतं. दहा भाग लोकांना गोड बाप दाखवून मग खून केला असता तर ती फसवणूक वाटली असती, लोक खरंच चिडले असते. पाचव्या भागात अजून ओळख होतेय, तिथेच सांगून टाकलं की हा माणूस असा आहे, आता बघायचं तर हे धरून बघा. उशीर केला असता तर चॅनेलप्रमुखाची भीती कदाचित खरी ठरली असती.

टोनीच्या जागेवरून बघायचं तर त्याच्याकडे निर्णयाची निदान तीन ठिकाणं होती, पंपावर, फोन बूथमध्ये, आणि सकाळी मुलीला सोडल्यावर. तिन्ही ठिकाणी मागे फिरता आलं असतं आणि कुणालाही पत्ता लागला नसता. फेबी त्याला आता काही त्रास देत नव्हता, निदान टोनी मागे लागेपर्यंत तरी. भागाने ही तिन्ही ठिकाणं आपल्याला नीट दाखवली हे त्याचं मोठेपण.

चेसच्या बाजूने मात्र एक हिशेब राहतोच. नशेबाज पोरांचा सीन द्यावा लागला हे मी समजू शकतो, नवीन मालिका, एकही भाग प्रसारित नाही, चॅनेलशी पूर्ण वैर घेऊन चालणार नव्हतं, आणि एका छोट्या सीनच्या बदल्यात खुनाचा सीन अख्खा मिळत असेल तर मीही सही केली असती. पण त्या सीनची किंमत भरून काढता आली असती. तो सीन बघून अनेक जण मनात म्हणतात की नाहीतरी फेबीने टोनीला मारलंच असतं, आणि खून बघताना तेवढी आडोशाची जागा त्यांना मिळते. तो आडोसा काढायला एकच शॉट पुरला असता, खुनानंतर फेबीची बायको किंवा ती लहान मुलगी, घरात, वाट बघत. त्यांना भागाने आपल्याला दाखवलेलं आहे, त्या आहेत हे टोनीलाही माहीत आहे, आणि खुनानंतर कथा त्यांच्याकडे वळतही नाही. इकडे एक मुलगी बापाच्या बुटाचा चिखल बघतेय आणि तिकडे दुसरीचा बाप घरीच आलेला नाही, ही जोडी समोर तयार होती.

यावर कुणी म्हणेल की टोनी मागे वळून बघत नाही म्हणून कॅमेराही बघत नाही, आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतोय. कारण चांगलं आहे आणि मोटेलचा सीन सोडला तर जवळजवळ पटतंही. पण नशेबाज पोरांशी फेबी बोलतो तेव्हा टोनी तिथे कुठे असतो? तिथे कॅमेरा टोनीला सोडून फेबीबरोबर गेलेलाच आहे. त्याला वाईट दाखवायला गेला, तर त्याच्या घरी जायलाही हरकत नव्हती.